पाणी टेलपर्यंत पोचलं का? ब्रिटनच्या पंतप्रधानाची पकड मोजायची रीत

गिरणा धरणातून आवर्तन सुटलं ही बातमी वेगळी आणि जामदा कालव्याच्या टेलवरच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतात पाणी आलं ही बातमी वेगळी, हे भडगाव-पाचोऱ्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मधे किती दारं आहेत, कुठे पाट फुटलाय, वरच्या गावाने किती ओढून घेतलं, सगळं त्याला पाठ असतं. तोच माणूस लंडनची बातमी वाचताना मात्र ‘पंतप्रधानांनी ठरवलं’ एवढ्यावर थांबतो. जणू डाउनिंग स्ट्रीटच्या १० नंबरच्या घरात चावी फिरवली की देशभर पाणी सुटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांना हा विषय दोन ठिकाणी भेटतो. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययन २ मध्ये भारतीय राज्यघटनेची इतर देशांशी तुलना येते आणि राज्यशास्त्राच्या पदवीला ब्रिटिश शासनपद्धती असतेच. दोन्हीकडे तेच छापील उत्तर लिहिलं जातं: ‘पंतप्रधान हा समानांमध्ये पहिला असतो, मात्र अलीकडे तो अध्यक्षासारखा झाला आहे.’ या वाक्याने काहीच मोजलं जात नाही. खालची रीत मोजण्याची आहे. एक कोरा ताव, पेन्सिल आणि एका निर्णयासाठी पहिल्या वेळी दोनेक तास एवढंच लागतं.

आधी प्रश्न लहान करा

‘मार्गारेट थॅचर बलवान पंतप्रधान होत्या का?’ हा प्रश्न मोजता येत नाही. त्याच थॅचर १९८२ च्या जूनमध्ये अजिंक्य वाटत होत्या आणि १९९० च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच्याच पक्षाने त्यांना घरी पाठवलं. माणूस तोच होता, खुर्चीही तीच. म्हणून माणूस धरू नका, एक निर्णय आणि एक तारीख धरा: पोल टॅक्स (घरपट्टीऐवजी माणशी कर), १९९०. इराक, १८ मार्च २००३. मिनी बजेट, २३ सप्टेंबर २०२२. निर्णय एका ओळीत लिहिता आला नाही, तर तुम्ही निर्णय नव्हे, भाषण निवडलंय असं समजा.

मग तावावर पाच रकाने पाडा: अधिकार, मतं, पैसा, अंमल, वेळ. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण द्यायचे. पूर्ण हातात असेल तर २, दुसऱ्याची संमती लागत असेल तर १, हाताबाहेर असेल तर ०.

बेरीज करू नका. नवखा माणूस पाच रकान्यांची बेरीज करून ‘दहापैकी सहा’ असं उत्तर काढतो आणि तिथेच फसतो. पाटाच्या पाच दारांपैकी चार सताड उघडी आणि एक बंद असेल, तर टेलला ऐंशी टक्के पाणी येत नाही, काहीच येत नाही. म्हणून सगळ्यात लहान आकडा शोधा आणि त्याभोवती गोल करा. तुमचं उत्तर तिथे आहे.

अधिकार: हा रकाना पटकन भरतो

ब्रिटनमध्ये पंतप्रधानपद कुठल्याही एका कायद्याने निर्माण केलेलं नाही. १७२१ पासून रॉबर्ट वॉलपोल यांना पहिला पंतप्रधान मानतात, पण संसदेच्या कायद्यात या पदाचा उल्लेख यायला १९१७ उजाडलं, आणि तोही चेकर्स या पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्यासंबंधीच्या कायद्यात. बरेचसे अधिकार राजाच्या नावाचे आणि पंतप्रधानाच्या हातातले. मंत्री नेमणं आणि काढणं, खाती बदलणं, संसद विसर्जित करायला सांगणं, सैन्य पाठवणं, तह करणं हे सगळं त्यात येतं.

मंत्री काढण्याच्या बाबतीत २ गुण बिनधास्त द्या. हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९६२ च्या जुलैत मंत्रिमंडळातले सात जण एका झटक्यात काढले. तरी पुढच्या वर्षी तेही खुर्चीवर नव्हते, ही गोष्ट वेगळी.

बाकी अधिकारांना तारीख बघूनच गुण द्या, कारण ते काळानुसार वरखाली झाले आहेत. निवडणुकीची तारीख ठरवण्याचा अधिकार २०११ च्या कायद्याने काढून घेतला आणि २०२२ च्या कायद्याने परत दिला. त्यामुळे थेरेसा मे यांना २०१७ साली दोन तृतीयांश मतांची गरज पडली आणि ती मिळालीही (५२२ विरुद्ध १३). बोरिस जॉन्सन यांना २०१९ साली ती मिळेना, शेवटी साध्या बहुमताने वेगळा कायदा करून घ्यावा लागला. ऋषी सुनक यांनी २२ मे २०२४ रोजी पावसात भिजत उभं राहून ४ जुलै ही तारीख स्वतःच सांगून टाकली. विचारायचं कुणाला नव्हतं.

युद्धाचंही तसंच. कागदोपत्री संसदेची परवानगी लागत नाही. पण इराकच्या वेळी मतदान झालं आणि तेव्हापासून विचारायचा प्रघात पडला. २९ ऑगस्ट २०१३ रोजी डेव्हिड कॅमेरन सीरियाच्या प्रश्नावर २८५ विरुद्ध २७२ असे हरले आणि हल्ला रद्द झाला. एप्रिल २०१८ मध्ये मे यांनी सीरियावर हल्ला केला तो आधी मतदान न घेताच. म्हणून या खान्यात २ की १ हे नियम बघून नव्हे, तो महिना बघून ठरतं.

न्यायालय विसरू नका. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की संसद पाच आठवडे स्थगित करण्याचा जॉन्सन यांचा सल्लाच बेकायदा होता. मात्र ते न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. आपल्याकडचा ‘मूलभूत चौकटी’चा सिद्धांत तिथे लावला की उत्तर चुकलंच.

मतं: आकडेमोड अशी करा

इथे घाई करणारे कॉमन्सच्या, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाच्या, ६५० जागांना दोनने भागून, एक मिळवून ३२६ लिहितात आणि पुढे जातात. खरा हिशोब थोडा खाली बसतो. जुलै २०२४ घेऊ.

एकूण जागा ६५०. उत्तर आयर्लंडमधल्या सिन फेन पक्षाचे ७ खासदार निवडून येतात पण सभागृहात बसत नाहीत. सभापती आणि तीन उपसभापती एरवी मत देत नाहीत. उरले ६३९. मजूर पक्षाचे ४११, त्यातले एक उपसभापती, म्हणजे मत देणारे ४१०. समोर सगळे मिळून २२९. फरक १८१.

आता बंडखोर किती लागतील? विरोधात मत देणारा खासदार फरकातून दोन कमी करतो: इकडचा एक गेला, तिकडचा एक वाढला. गैरहजर राहणारा फक्त एक कमी करतो. म्हणजे सरकारला मतदानात हरवायला ९१ जणांनी विरोधात मत द्यायला हवं (३१९ विरुद्ध ३२०), किंवा १८२ जणांनी बाहेर चहा प्यायला हवा. तावावर हे दोन्ही आकडे लिहूनच ठेवा. सरकार कुठल्या बातमीला घाबरतं, हे त्यांवरून कळतं.

२०२५ च्या जूनमध्ये अपंगांच्या भत्त्यांत कपात करणाऱ्या विधेयकाविरुद्ध १२० हून अधिक मजूर खासदारांनी सह्या केल्या. वरच्या ९१ शी ताडून बघा. एवढं प्रचंड बहुमत असलेल्या किअर स्टार्मर यांना माघार का घ्यावी लागली, ते तिथेच उलगडतं. १ जुलैला विधेयक दुसऱ्या वाचनात ३३५ विरुद्ध २६० ने पुढे गेलं खरं, पण त्याआधी त्यातला गाभाच काढून टाकावा लागला. मत जिंकलं, धोरण हरलं. अशा वेळी या रकान्यात १ गुण द्या.

उलटंही होतं. इराकच्या वेळी १३९ मजूर खासदार टोनी ब्लेअर यांच्या विरोधातल्या दुरुस्तीमागे उभे राहिले, तरी मुख्य ठराव ४१२ विरुद्ध १४९ असा मंजूर झाला, कारण विरोधातला हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्ष सरकारच्या बाजूने होता. म्हणजे बंडखोर मोजण्याआधी विरोधी पक्ष कुठे उभा आहे ते बघा.

आणखी एक हिशोब. कॉमन्समध्ये एका वेळी जास्तीत जास्त ९५ मंत्री बसू शकतात, ही मर्यादा १९७५ च्या कायद्याची. त्यांच्याशिवाय मंत्र्यांचे बिनपगारी संसदीय खासगी सचिव असतात. विरोधात मत दिलं की पद गेलं, म्हणून ही सगळी मतं पंतप्रधानाची बांधलेली समजतात. ४१० मध्ये शंभरावर अशी असली की बंडाची भरती उरलेल्या मागच्या बाकांवरूनच करावी लागते. पण २१ जागांचं बहुमत असलेल्या जॉन मेजर यांच्यासारख्याला ११ जणांची टोळीसुद्धा नाचवू शकते, आणि १९९३ मध्ये युरोपीय संघाच्या मास्ट्रिक्ट तहावरून तिने नाचवलंही.

आपल्याकडे पक्षादेश मोडला तर १९८५ पासून दहाव्या अनुसूचीनुसार आमदारकी-खासदारकी जाते. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडला तर फार तर संसदीय पक्षातून निलंबन होतं, जागा शाबूत राहते. ३ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जॉन्सन यांनी २१ जणांना पक्षाबाहेर काढलं. सगळे दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात बसले, आणि सरकारकडे उरलंसुरलं बहुमतही राहिलं नाही. जागा जात नाही म्हणूनच मे यांचा ब्रेक्झिट करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ असा पडू शकतो. असा आकडा भारतीय वाचकाला छपाईची चूक वाटतो.

वरच्या सभागृहाचं, म्हणजे लॉर्ड्सचं, फारसं मनावर घेऊ नका. १९११ आणि १९४९ च्या कायद्यांमुळे ते सभागृह सर्वसाधारण विधेयक साधारण वर्षभर आणि अर्थविधेयक महिनाभर अडवू शकतं, कायमचं नाही.

पैसा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

या रकान्यात तीन कुलपं आहेत आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे.

पहिलं कुलूप अर्थमंत्र्याचं, म्हणजे चॅन्सेलरचं. पंतप्रधान नावाला ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ असतो, पण अर्थखातं चॅन्सेलर चालवतो. चॅन्सेलरला काढता येतं, हा अधिकार आहे. काढल्यावर काय होईल, ती किंमत. ब्लेअर यांचा ओढा युरो चलनाकडे होता. गॉर्डन ब्राऊन यांनी पाच आर्थिक कसोट्या लावल्या आणि जून २००३ मध्ये त्या पूर्ण होत नाहीत असं जाहीर केलं. दोन मोठी बहुमतं गाठीशी असलेला पंतप्रधान गप्प बसला. ब्राऊन यांना काढायची किंमत परवडणारी नव्हती.

दुसरं कुलूप बँक ऑफ इंग्लंडचं. मे १९९७ मध्ये व्याजदर ठरवण्याचं काम सरकारने बँकेकडे सोपवलं. नऊ जणांची समिती दर ठरवते आणि महागाईचं लक्ष्य २ टक्के आहे. (आपल्या रिझर्व्ह बँकेची समिती सहा जणांची आणि २०१६ पासूनची.) म्हणून १९९७ आधीच्या आणि नंतरच्या पंतप्रधानाला एकाच फुटपट्टीने मोजू नका.

तिसरं कुलूप बाजाराचं. याची किल्ली कुणाकडेच नाही. लिझ ट्रस यांची गोष्ट तारखांनी लावून बघा, कारण या रकान्याचा याहून चांगला नमुना मिळणार नाही.

६ सप्टेंबर २०२२: पंतप्रधान झाल्या. त्याच आठवड्यात अर्थखात्याच्या सर्वात वरिष्ठ सनदी अधिकाऱ्याला घरी बसवलं. अधिकार, २.

२३ सप्टेंबर: क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार ते सांगितलं नाही आणि अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाजही सोबत जोडला नाही. हे कार्यालय २०१० पासून सरकारच्या हिशोबाची स्वतंत्र तपासणी करतं. त्याला बाजूला ठेवणं बेकायदा नव्हतं. दुकानदाराने वजनकाटा पोत्याखाली लपवावा तसं ते दिसलं, एवढंच.

२६ सप्टेंबर: पौंड डॉलरच्या तुलनेत १.०३ च्या आसपास, तोवरच्या नीचांकाला.

२८ सप्टेंबर: बँकेने दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर केली. मर्यादा ६५ अब्ज पौंड, प्रत्यक्षात खरेदी १९.३ अब्जांची. का करावं लागलं? पेन्शन फंडांनी व्याजदरातल्या चढउतारापासून संरक्षण म्हणून उसनवारीवर चालणारे करार केले होते. रोख्यांची किंमत घसरली की त्यांना जास्त तारण भरावं लागे. तारणासाठी रोकड हवी म्हणून ते रोखेच विकत, विकले की किंमत आणखी घसरे, आणि पुन्हा तारण. कापसाचा भाव पडतोय म्हणून घाबरून सगळ्या गावाने एकाच दिवशी कापूस बाजारात आणावा, तसं चक्र.

३ ऑक्टोबर: सर्वोच्च ४५ टक्क्यांचा करटप्पा रद्द करण्याचा बेत मागे. १४ ऑक्टोबर: क्वार्टेंग यांची हकालपट्टी. १७ ऑक्टोबर: नवे चॅन्सेलर जेरेमी हंट यांनी बहुतेक सगळी करकपात मोडीत काढली. २० ऑक्टोबर: ट्रस यांचा राजीनामा. पदावर एकूण ४९ दिवस.

आता रकाने भरा. अधिकार २, वेळ २ (तारीख त्यांनीच निवडली), मतं १, पैसा ०, अंमल ०. बेरीज ५ येते, म्हणजे ‘मध्यम पकड’, आणि हे उत्तर हास्यास्पद आहे. गोल शून्याभोवतीच हवा. कॉमन्समध्ये हरायची वेळ येण्याआधीच त्या बाजारात हरल्या होत्या.

ट्रस यांना अपवाद समजून सोडून देऊ नका. १६ सप्टेंबर १९९२ रोजी मेजर सरकारने पौंड वाचवायला एकाच दिवसात व्याजदर १० वरून १२ टक्के केला, १५ ची घोषणाही केली, आणि संध्याकाळी युरोपीय विनिमयदर यंत्रणेतून बाहेर पडावं लागलं. १९७६ मध्ये जेम्स कॅलाहन यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. तिन्ही वेळा माणसं वेगळी होती, पक्षही एकच नव्हता, कुलूप तेच होतं.

अंमल: टेलचा रकाना

पंतप्रधानाच्या हाताखाली स्वतःचं मोठं खातं नसतं. हजारो कर्मचारी आरोग्य, गृह, संरक्षण या खात्यांत असतात, नंबर १० मध्ये शेकड्यांत. ब्लेअर यांनी २००१ मध्ये अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारा एक छोटा कक्ष काढला आणि तो मायकेल बार्बर यांच्याकडे दिला. तातडीच्या विभागात रुग्णाची वाट बघायची वेळ चार तासांत आणायची, असली मोजकी लक्ष्यं आणि नियमित आढावा, अशी पद्धत. ज्या गोष्टींवर पंतप्रधान स्वतः डोळा ठेवून बसला त्या हलल्या. यादी लांबली की हलायच्या थांबतात, कारण पंतप्रधानाचे तास तेवढेच आहेत.

या रकान्यात तीन गोष्टी तपासा. धोरण कुठल्या भागाला लागू आहे? १९९९ पासून स्कॉटलंड आणि वेल्सचं आरोग्य-शिक्षण तिथल्या तिथे चालतं, उत्तर आयर्लंडचंही लंडनकडे नाही. कोविडमध्ये जॉन्सन घरात बसा म्हणत होते, ते बरेचदा फक्त इंग्लंडला. दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष काम कोण करतं? खातं, नगरपालिका, खासगी कंपनी की दुसरा देश? तिसरी, ज्याच्यावर धोरण लादायचं त्याने नाही म्हटलं तर?

पोल टॅक्स या तिसऱ्या प्रश्नावर फुटला. थॅचर यांच्याकडे १९८७ च्या निवडणुकीनंतर १०२ चं बहुमत होतं, इंग्लंड-वेल्ससाठीचा कायदा १९८८ मध्ये झाला. स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल १९९० पासून घरपट्टीऐवजी माणशी कर सुरू झाला. वसुली स्थानिक परिषदांकडे. लोकांनी भरायचंच नाकारलं, ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये दंगल झाली, आणि १९९३ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला वेगळी करपद्धत आणावी लागली. अधिकार २, मतं २, अंमल ०.

रवांडा योजनाही याच खान्यातली. बेकायदा आलेल्यांना तिकडे पाठवायचं, अशी एप्रिल २०२२ ची घोषणा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने चक्क ‘रवांडा सुरक्षित आहे’ असा कायदा केला. जुलैच्या निवडणुकीपर्यंत सक्तीने पाठवलेल्यांचं एकही विमान उडालं नाही आणि नव्या सरकारने योजना गुंडाळली.

वेळ: पाऊस कुणाच्या हातात

मॅकमिलन यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते असं विचारल्यावर त्यांनी ‘घटनांची’ असं उत्तर दिलं म्हणतात. ते तसं बोलल्याचा भक्कम पुरावा नाही, तेव्हा पेपरात अवतरण म्हणून लिहू नका.

हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यातले किती आणि कधी उघडायचे हे अभियंता ठरवतो. तापी-पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात पाऊस किती पडावा हे नाही. म्हणून या रकान्यात दोन प्रश्न वेगळे ठेवा: घटना कुणी आणली, आणि आल्यावर पहिल्या काही दिवसांत पंतप्रधानापुढे खरोखर किती पर्याय होते?

अर्जेंटिनाने २ एप्रिल १९८२ रोजी फॉकलंड बेटं घेतली. परराष्ट्रमंत्री कॅरिंग्टन यांनी राजीनामा दिला तो ५ एप्रिलला, आणि आरमारही त्याच दिवशी निघालं. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली. घटना परक्याने आणली म्हणून वेळेला ० द्यायला हरकत नाही, पण इथे गोल त्याभोवती करू नका. उत्तर देण्याची साधनं (जहाजं, संसदेची साथ) थॅचर यांच्याकडे होती. उलट १९५६ ला सुवेझवर स्वारी करायची वेळ अँथनी ईडन यांनी फ्रान्स आणि इस्रायलबरोबर संगनमत करून स्वतः निवडली. ५ नोव्हेंबरला सैनिक उतरले आणि ६ नोव्हेंबरला युद्धबंदी, कारण पौंड घसरत होता आणि अमेरिका मदत रोखून बसली होती. वेळ २, पैसा ०. जानेवारी १९५७ मध्ये ईडन गेले. वेळ स्वतः निवडली म्हणजे पकड आली, असं धरू नका.

ब्राऊन यांचं प्रकरण तिसऱ्या तऱ्हेचं आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तीन बँकांत ३७ अब्ज पौंड ओतून त्यांनी कोसळती यंत्रणा सावरली. घटनेवर पकड चांगली होती. तरी २०१० ची निवडणूक गेली. निकाल बघून मागे जाऊन गुण कापणं ही परीक्षार्थींची जुनी खोड. संकट हाताळणं आणि मतं मिळवणं वेगळं ठेवा.

खानदेशातला एक सराव इथे चांगला बसतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या यादवीमुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. पंतप्रधान पामर्स्टन यांनी ब्रिटन तटस्थ ठेवला. इकडे खानदेशात कापसाला कधी नव्हे तो भाव आला, आणि युद्ध संपल्यावर तो कोसळला. आपल्या शेतापर्यंत पोचलेली ही उलथापालथ लंडनने ‘ठरवली’ का? रकाने भरून बघा. याच्या शेजारी १९४७ ठेवा: ॲटली यांनी २० फेब्रुवारीला सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत दिली, आणि प्रत्यक्षात १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. धोरण त्यांचं, वेळापत्रक त्यांच्या हातून निसटलेलं.

खुर्चीचं घड्याळ

पाच रकान्यांखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे पक्षांतर्गत नियम लिहा, कारण ब्रिटिश पंतप्रधान बहुतेक वेळा मतदारांआधी पक्षाच्या हातून जातो. १९९० च्या हुजूर पक्षाच्या नियमानुसार पहिल्याच फेरीत जिंकायला साधं बहुमत पुरत नव्हतं, एकूण खासदारांच्या १५ टक्क्यांइतकी आघाडीही लागायची. खासदार ३७२, त्यांचे १५ टक्के ५५.८, म्हणजे ५६. थॅचर यांना २०४, प्रतिस्पर्धी मायकेल हेझल्टाइन यांना १५२. आघाडी ५२. चार कमी. दोन दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, त्यांनी माघार जाहीर केली.

पुढे त्या पक्षाचा नियम बदलला आणि १५ टक्के खासदारांनी पत्रं दिली की अविश्वासाचं मतदान होऊ लागलं. मे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये ते २०० विरुद्ध ११७ ने जिंकलं, जॉन्सन यांनी जून २०२२ मध्ये २११ विरुद्ध १४८ ने. दोघंही पुढे फार टिकले नाहीत. जॉन्सन यांच्या बाबतीत तर महिनाभरात मंत्र्यांनी राजीनाम्यांची रांग लावली. तेव्हा ‘विश्वासमत जिंकलं’ या मथळ्याला २ गुण देऊ नका. विरोधातली मतं सरकारच्या बहुमताशी ताडून बघा.

उत्तर लिहिताना

१५ गुणांचं उत्तर २५० शब्दांत बसवायचं असतं. वॉलपोलपासून सुरुवात करू नका, त्यात साठ शब्द जातात. पहिल्या दोन वाक्यांत तुमचा लहान आकडा सांगा: पंतप्रधानाची पकड नेमणुकांवर घट्ट, कायद्यावर मतांपुरती, पैशावर आणि अंमलावर उसनी. मग दोनच उदाहरणं, पण आकड्यांसकट. एक बहुमत असूनही अडलेलं (२०२५ चं भत्त्यांचं विधेयक किंवा पोल टॅक्स), एक बाजाराने पाडलेलं. भारताशी तुलनेला पक्षांतरबंदी आणि न्यायालयीन पुनर्विलोकन पुरेसं आहे. जागा उरलीच तर मंत्र्यांच्या संख्येची मर्यादा घाला, तिकडे कॉमन्समध्ये ९५ आणि इकडे लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के. ‘अध्यक्षीय होत चाललेला पंतप्रधान’ हा शब्दप्रयोग वापरायचाच असेल तर कुठल्या रकान्यात ते सांगा. प्रतिमेत असेल, मतांत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षाला त्याचा पक्ष एका आठवड्यात काढू शकत नाही.

बातमी वाचणाऱ्या व्यापाऱ्यासाठी

जळगावहून सूत, केळीचे पदार्थ किंवा ठिबकचे पाईप बाहेर पाठवणाऱ्याला परीक्षेशी काही देणंघेणं नसतं, पण रकाने तेच. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर दोन्ही पंतप्रधानांच्या उपस्थितीत सह्या झाल्या. सही हा फक्त पहिला रकाना. २०१० च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये असा करार संमतीआधी संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो. कॉमन्सने हरकत घेतली तर संमती लांबते. शुल्क बदलायला लागणारे नियम आणखी वेगळे करावे लागतात. म्हणून अशा कुठल्याही कराराची बातमी आली की चार तारखा एकाखाली एक लिहा: सही, संसदेपुढे ठेवल्याची तारीख, लागू झाल्याची तारीख, आणि तुमच्या मालाच्या एचएस कोडवर (सीमाशुल्कासाठीचा मालाचा क्रमांक) शुल्क खरोखर कमी होण्याची तारीख. ही चौथी बऱ्याचदा तिसरीपेक्षा वेगळी असते, कारण काही मालावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं. खरेदीदाराला भाव द्यायचा तो चौथी तारीख बघून.